साठ शब्दांत हलगी

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला आमच्या हूटगळ्ळीतली चार-पाच मुले एक कागद घेऊन माझ्याकडे आली. म्हैसूरच्या या बाजूला कारखाने आहेत, हाउसिंग बोर्डाची कॉलनी आहे आणि दोहोंच्या मधे उरलेसुरले जुने गाव आहे. कारखान्यांमुळे निपाणी, बेळगाव, कोल्हापूरकडची बरीच कुटुंबे इथे येऊन राहिली. त्यांची मुले घरात मराठी बोलतात, रस्त्यावर कन्नड आणि मोबाइलवर तिसरेच काहीतरी. या मुलांनी मिळून एक वाद्यवृंद जमवला होता. त्यात हलगी, घुमकं, कैताळ, संबळ आणि ढोलकी होती आणि इकडची तमटे व डोळ्ळूही होती. युरोपातल्या एका लहानशा गावातल्या लोकसंगीत महोत्सवाचे त्यांना बोलावणे आले होते. आयोजकांना माहितीपत्रकासाठी वृंदाचा परिचय इंग्रजीत हवा होता, शब्दमर्यादा साठ. अनुवाद करते म्हणून हे काम माझ्याकडे आले.

साठ शब्दांत सात वाद्ये म्हणजे वाद्यामागे जेमतेम आठ-नऊ शब्द. मी अर्ध्या तासात मजकूर लिहून दिला. हलगीच्या वाट्याला जे आले ते असे: ‘हलगी, अ फ्रेम ड्रम ऑफ वेस्टर्न इंडिया’. चूक काहीच नव्हती. लाकडाचे किंवा लोखंडाचे कडे, त्यावर ताणलेले बकऱ्याचे कातडे, वाजवायला दोन काठ्या, त्यांतली एक आखूड आणि दुसरी बारीक, लवचिक. वाद्यशास्त्राच्या कोणत्याही कोशात ‘फ्रेम ड्रम’ या वर्गात ती बिनतक्रार बसते. तरीही मजकूर पाठवल्यावर दोन दिवस मला काहीतरी खुपत राहिले. हा लेख त्या खुपण्यातून निघाला आहे. मुलांच्या दौऱ्याचे वर्णन त्यात फारसे नाही. लोककला परदेशी जाते तेव्हा तिच्यासोबत जो मजकूर जातो, म्हणजे निवेदन, पत्रक, दोन ओळींची ओळख, तो नेमके काय करतो हा माझा प्रश्न आहे. समीक्षा प्रयोगाची होते, पुस्तकाची होते. या चिठ्ठीकडे कोणी बघत नाही.

आधी हलगीचेच पाहू. दक्षिण महाराष्ट्रात तिला हलगी म्हणतात, उत्तर कर्नाटकाच्या कन्नडमध्येही ती हलगीच असते, म्हैसूरकडे येईपर्यंत तमटे होते आणि तमिळनाडूत परै. वाद्यांत थोडाथोडा फरक आहे, वाजवण्यातही आहे, पण एक गोष्ट या सगळ्या प्रदेशांत सारखी आहे. ते कोणी वाजवायचे हे गावाने ठरवून दिलेले होते. महाराष्ट्रात ते काम प्रामुख्याने मातंगांकडे होते. कर्नाटकात, तमिळनाडूतही ते दलित जातींकडेच. लग्न असो, जत्रा असो, दवंडी असो की प्रेतयात्रा असो, हलगी पुढे चालायची. आणि ती पुढे चालवणारा माणूस पंगतीत मात्र शेवटी, बऱ्याचदा पंगतीबाहेरच. इंग्रजीतला ‘परिआह’ हा शब्द ‘परैयर’वरून, म्हणजे परै वाजवणाऱ्यांच्या नावावरून आला. इंग्रजी कोशाने जात घेतली आणि वाद्य टाकून दिले. मी माझ्या साठ शब्दांत वाद्य घेतले आणि जात टाकून दिली. दोन्ही व्यवहार इंग्रजीतच झाले आणि दोन्ही वेळी अर्धाच ऐवज पार पोचला, हे लक्षात आल्यावर मला माझ्या ‘बिनचूक’ ओळीची लाज वाटली.

मराठी लोककलेच्या परदेशवारीचा विषय निघाला की आपल्याकडे जे उदाहरण पहिल्यांदा आठवते त्यातही निवेदनाचाच प्रश्न मध्यवर्ती होता. ते उदाहरण ‘घाशीराम कोतवाल’चे. विजय तेंडुलकरांचे हे नाटक १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने रंगमंचावर आणले. दिग्दर्शन जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नृत्ये कृष्णदेव मुळगुंद आणि नाना फडणवीसांच्या भूमिकेत मोहन आगाशे. ब्राह्मणांची आणि नानांची बदनामी होते म्हणून वाद पेटला, १९ प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवले. नाटक करणारी तरुण मंडळी बाहेर पडली, १९७३ मध्ये त्यांनी थिएटर अकॅडमी काढली आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला प्रयोग पुन्हा सुरू झाले. १९८० मध्ये नाटकाला युरोपचे आमंत्रण आले तेव्हा हा वाद नव्याने उसळला. आठ वर्षे महाराष्ट्रात जे चालले ते परक्यांपुढे नको, असा आता आक्षेप होता. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. हे नाटक म्हणजे इतिहास नव्हे आणि नाना फडणवीस हे मोठे मुत्सद्दी होते, अशा आशयाचे निवेदन प्रयोगाआधी करायचे, अशा तोडग्यावर दौरा पार पडला.

या निवेदनाकडे आपण आजवर अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या अंगाने पाहिले. ते योग्यच आहे, पण अपुरे आहे. मला त्यात अनुवादाचा एक विलक्षण प्रसंग दिसतो. कल्पना करा, युरोपातले एक नाट्यगृह आहे. समोर बसलेल्या प्रेक्षकाला नाना फडणवीस कोण हे ठाऊक नाही. पेशवाई म्हणजे काय हे ठाऊक नाही. १७९१ साली कोतवालीत कोंडलेले ब्राह्मण गुदमरून मेले आणि त्यानंतर घाशीरामला लोकांनी दगडांनी ठेचले, हे तर त्याच्या गावीही नाही. ज्याने नानाचे नावच ऐकलेले नाही त्याला आधी सांगितले जाते की नाना फार थोर होते. ज्या इतिहासाची त्याला कल्पना नाही तो हा इतिहास नव्हे, असेही सांगितले जाते. ते निवेदन त्या प्रेक्षकासाठी नव्हतेच. बोलले गेले युरोपात, पण त्याचा श्रोता पुण्यात बसला होता. परदेशी जाणाऱ्या बहुतेक सांस्कृतिक मजकुराचे असेच असते असे मला आता वाटू लागले आहे. परक्याला माहिती देण्याच्या नावाखाली आपण आपल्याच माणसांची समजूत घालत असतो.

त्याच दौऱ्यात दुसरे एक निवेदन मात्र कोणी न सांगता होत होते आणि ते जास्त परिणामकारक होते. ‘घाशीराम’ हा लोककलांवर उभारलेला प्रयोग, असा त्याचा लौकिक आहे. खेळे, दशावतार, तमाशा, कीर्तन यांच्यातून तेंडुलकरांनी आणि पटेलांनी एक घाट तयार केला. पाठमोरी झाली की भिंत होणारी, तोंड वळवले की पुण्याचे ब्राह्मण होणारी, डोलत गणपती नाचवणारी आणि क्षणात खुनाकडे पाठ फिरवणारी ती माणसांची रांग ही मराठी रंगभूमीची गेल्या पन्नास वर्षांतली सर्वांत अर्थपूर्ण वस्तू आहे, असे मी बिनदिक्कत म्हणेन. पाठ फिरवणे हाच नाटकाचा विषय आहे आणि पाठ फिरवणे हाच त्याचा पडदा आहे. आशय आणि घाट इतके एकजीव झालेले मराठीत क्वचितच दिसते.

पण ज्याला मराठी येत नाही त्याला ही रांग कशी दिसेल? तिची लय त्याला दिसेल, शिस्त दिसेल, टाळ-मृदंगाचा ठेका त्याच्या अंगात भिनेल. कीर्तनातून लावणीत आणि लावणीतून पुन्हा हरिनामात जाताना मराठी प्रेक्षकाच्या पोटात जो गोळा येतो, तो मात्र येणार नाही. अभंगाच्या चालीला पावित्र्य असते आणि लावणीच्या चालीला ते नसते, हे ज्याला कळते त्यालाच त्यांच्या मिसळीतली हिंसा कळते. बाकीच्यांना दोन्ही चाली सारख्याच ‘लोक’ आणि सारख्याच सुंदर. ‘हा इतिहास नव्हे’ असे सांगायला न्यायालयाची गरज लागली. ‘हे राजकारण नव्हे, हा एक रम्य पारंपरिक घाट आहे’ हे ‘लोकनाट्यशैली’ या एका शब्दाने गुपचूप सांगून टाकले.

इथे मला ‘घाशीराम’च्या आपल्याकडच्या प्रशंसकांशीही थोडे भांडायचे आहे. या दौऱ्याला लोककलेची परदेशवारी म्हणताना आपण एक गोष्ट सोयीने विसरतो. खेळे करणारा कोकणातला शेतकरी त्या विमानात नव्हता. ज्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या लावणी जगवली त्या जातींतल्या बायका नव्हत्या. विमानात होती ती शिकलेली, नोकरीपेशातली, बहुतेक पुण्याची हौशी मंडळी. नाना करणारे आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, दिग्दर्शक पटेल बालरोगतज्ज्ञ. त्यांनी लोककलेचा अभ्यास केला, तिचा आदर केला आणि तिच्यापासून स्वतःच्याच शहराला आरसा दाखवणारे हत्यार घडवले. त्यांच्याबद्दल माझ्या मनात कौतुकच आहे. पण प्रवास झाला तो घाटाचा. घाटाच्या धन्यांचा झाला नाही. जयंत कर्वे आणि एलिनॉर झेलियट यांनी पुढे नाटकाचा इंग्रजी अनुवाद केला. त्यातल्या झेलियट या आंबेडकरी चळवळीच्या इतिहासकार म्हणून ओळखल्या जातात, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. पुण्यातल्या ब्राह्मणांविषयीचे हे नाटक इंग्रजीत नेताना त्याच्या जातीय व्याकरणाची जाण असलेले कोणीतरी लागणारच होते.

(विजया मेहतांनी उलट्या दिशेने केलेले प्रयोग, म्हणजे फ्रिट्झ बेनेविट्झ यांच्या साथीने मराठीत आणलेला ब्रेख्त, वायमारच्या जर्मन नटांकडून करून घेतलेले कार्नाडांचे ‘हयवदन’, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. तिथे निदान दोन्ही बाजूंचे लोक तालमीत घाम गाळत होते. देवघेव हा शब्द मला तिथे खरा वाटतो.)

मग घाटाचे धनी स्वतः जातात तेव्हा काय होते? १९८५ साली अमेरिकेत भारत महोत्सव झाला. वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर स्मिथसोनियन संस्थेने त्या निमित्ताने ‘मेला’ भरवला. राजीव सेठी यांच्या पुढाकाराने तिथे जादूगार, डोंबारी, कठपुतळीवाले, बहुरूपी असे रस्त्यावर पोट भरणारे कलावंत गेले. यातल्या अनेकांचे घर दिल्लीतल्या शादीपूरच्या झोपडवस्तीत होते. आता आपल्या घरच्या कायद्याकडे वळू. १९५९चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा भीक मागण्याच्या व्याख्येत गाणे, नाचणे, भविष्य सांगणे आणि खेळ करून दाखवणे यांनाही ओढतो. हे सगळे भिकेचे बहाणे, असे तो धरून चालतो. मुंबईत जन्मलेला हा कायदा पुढे दिल्लीलाही लागू झाला. म्हणजे दिल्लीच्या चौकात जे केल्यावर पोलीस उचलून नेऊ शकत होते तेच वॉशिंग्टनच्या हिरवळीवर केल्यावर देशाची शान वाढत होती. दिल्ली उच्च न्यायालयाने या कायद्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमे रद्द केली ती थेट २०१८ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी शादीपूरची कठपुतळी कॉलनी पुनर्विकासासाठी पाडण्यात आली होती.

स्मिथसोनियनच्या त्या उपक्रमात काम केलेले मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड क्युरिन यांनी पुढे १९९७ साली एक पुस्तक लिहिले. त्याच्या शीर्षकात त्यांनी स्वतःला ‘कल्चर ब्रोकर’ म्हटले आहे. हा शब्द मराठीत कसा आणायचा याचा मी मागे बराच विचार केला होता. ‘सांस्कृतिक मध्यस्थ’ म्हटले की माणूस सभ्य होतो. ‘संस्कृतीचा दलाल’ म्हटले की खरे नाव सापडल्यासारखे वाटते, पण शिवीही होते. इंग्रजीत ‘ब्रोकर’ या दोन टोकांच्या मधे कुठेतरी निवांत बसतो. मराठीत तशी बसायला जागा नाही. आपल्या भाषेने इथे निवाडा करून टाकला आहे आणि मला तो आवडतो. हूटगळ्ळीतल्या माझ्या टेबलाशी बसून साठ शब्द लिहिणारी मी दलालच होते. दलाली घेतली नव्हती, इतकेच.

या सगळ्याला छेद देणारे एक उदाहरण मराठीत आहे आणि ते हलगीच्याच वाटेने येते. अण्णा भाऊ साठे १९६१ साली सोव्हिएत रशियाला गेले. १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावात मातंग कुटुंबात जन्मलेला, शाळेत जवळपास न गेलेला हा माणूस. १९४४ मध्ये त्यांनी शाहीर अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभे केले. रशियाला गेले तेव्हा ते लोकशाहीर म्हणून महाराष्ट्राला माहीत होतेच, शिवाय ‘फकिरा’चे लेखकही होते. परत आल्यावर त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला. मराठी प्रवासवर्णनांच्या चर्चेत या पुस्तकाला जी जागा मिळते ती बहुधा कौतुकाच्या एका वाक्याची असते. तिथून चर्चा लगेच लंडन-पॅरिसच्या ललित वर्णनांकडे सरकते.

मला ते पुस्तक या लेखाच्या मध्यभागी ठेवावेसे वाटते, कारण त्यात नजरेची दिशा बदलते. लोककलावंत परदेशी जातो तो बघितला जायला. शाहीर साठे गेले ते बघायला. महाराष्ट्रातल्या ज्या समाजाला गावाने वेशीबाहेर ठेवले त्या समाजातला माणूस दुसऱ्या देशाकडे पाहतो, त्याविषयी मत बनवतो आणि ते मराठीत लिहितो. त्याची नजर राजवाड्यांवर फार रेंगाळत नाही. माणसे राहतात कशी, काम कसे करतात, श्रमाला मान किती, याकडे ती पुन्हा पुन्हा वळते. शीर्षकातला ‘माझा’ हा शब्दही मला महत्त्वाचा वाटतो. तो कोणाच्या वतीने गेलेला नाही, कोणत्या राज्याची परंपरा दाखवायला गेलेला नाही. त्याची ओळख करून देणारी साठ शब्दांची चिठ्ठी त्याला लागत नाही, कारण तो स्वतःच पुस्तकभर बोलतो.

पुस्तकाची मर्यादाही सांगितली पाहिजे, नाहीतर ही भक्ती होईल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ रचणारा शाहीर त्या देशात गेला तेव्हा मनात चित्र घेऊनच गेला होता. प्रत्यक्षाने त्या चित्राला धक्का द्यावा असे प्रसंग पुस्तकात फारसे येत नाहीत. ख्रुश्चेव्हने स्टालिनच्या अत्याचारांची कबुली १९५६ सालीच दिली होती. १९६१च्या नोव्हेंबरात तर शहराचे नावच बदलून व्होल्गोग्राड करण्यात आले आणि मराठी पोवाड्यातले स्टालिनग्राड नकाशावरून गेले. त्या उलथापालथीची सावली या पुस्तकात शोधायला गेले तर हाती फारसे लागत नाही. यजमानाने दाखवले ते पाहणे हा पाहुण्याचा नाइलाज असतो, त्यातून लेखकही सुटत नाही. पण इथेही एक फरक आहे. युरोपात शिकायला गेलेल्या आपल्या मोठमोठ्या लेखकांची भाबडी वाक्ये आपण ‘त्या काळाचा परिणाम’ म्हणून सोडून देतो. अण्णा भाऊंचा भाबडेपणा मात्र त्यांच्या अशिक्षितपणाच्या किंवा पक्षाच्या खात्यावर मांडतो. ज्याने चिरागनगरच्या झोपडपट्टीत आयुष्य काढले त्याला घर आणि भाकरी मिळालेली माणसे पाहून काय वाटले असेल, हे समजून घ्यायला इतिहासाच्या पुस्तकापेक्षा वेगळे काहीतरी लागते.

‘लोक’ या शब्दाचा एक जुना हिशेबही अण्णा भाऊंशीच येऊन ठेपतो. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. तेव्हा अण्णा भाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या प्रयोगांना ‘लोकनाट्य’ म्हणायला सुरुवात केली. तमाशा म्हटले की पोलीस येत, लोकनाट्य म्हटले की तेच वग, तोच सोंगाड्या, तीच ढोलकी कायद्याच्या पलीकडे जाई. म्हणजे ‘लोक’ हा उपसर्ग मराठीत पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरला गेला तो परवान्यासारखा, आणि वापरला तो कलावंतांनी स्वतः, सरकारला चकवायला. नंतर सरकारनेच तो उचलला. आज अनुदानाच्या अर्जापासून परराष्ट्र दौऱ्याच्या पत्रकापर्यंत सगळीकडे तो आहे आणि आता तो चकवतो तो प्रेक्षकाला. कन्नडमध्ये याच जागी ‘जानपद’ हा शब्द आहे. रामनगरला म्हैसूर रस्त्यावर एच. एल. नागेगौडांनी उभारलेले ‘जानपद लोक’ आहे, इथे मानसगंगोत्रीत विद्यापीठाचे लोककला संग्रहालय आहे. दसऱ्याच्या जंबू सवारीत वीरगासे, कंसाळे, नंदीध्वज, डोळ्ळू कुणित अशी पथके हत्तीच्या पुढे जातात. निवेदनात कलेचे नाव येते, जिल्ह्याचे येते. नाचणाऱ्याचे नाव मी गर्दीत उभी असताना क्वचितच ऐकले आहे. आपल्या शहरातल्या आपल्या प्रेक्षकांपुढेही आपण तीच चिठ्ठी वाचतो, परदेशाची गरज नाही.

इथवर लिहून झाल्यावर मी ठरवले की त्या मुलांच्या परिचयाचा मजकूर बदलायचा. संबळाच्या पुढे गोंधळ्यांचे, हलगीच्या पुढे मातंगांचे नाव घालायचे, साठाचे नव्वद शब्द झाले तरी चालतील, आयोजकांशी भांडू. नवा मजकूर घेऊन मी मुलांना बोलावले. हलगी वाजवणारा पोरगा मूळचा निपाणीकडचा. वडील इथल्या कारखान्यात, आजोबा गावात हलगी वाजवायचे. मी मराठीत वाचून दाखवले. त्याने शांतपणे ऐकून घेतले.

“मावशी, एवढं ते नाव ऱ्हाऊ दे की,” तो म्हणाला.

मी म्हटले, “का रे? खरं आहे ना ते?”

“खरं हाय. पण तिथं कोण इचारतंय? पहिल्यांदाच असल्या ठिकाणी चाललोय जिथं आडनाव सांगितलं तरी कुणाला काय कळणार न्हाई. तिथंबी तुम्हीच सांगणार का?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. इतका वेळ मी जे पुसून टाकणे समजत होते ते त्याच्या बाजूने मोकळे होणे होते. पंचवीस वर्षांपूर्वी तौलनिक साहित्याच्या वर्गात आम्हाला शिकवले होते की अनुवादात मूळ संदर्भ हरवतो आणि ते नुकसान असते. कोणाचे नुकसान, हा प्रश्न परीक्षेत आला नव्हता. आडनाव कळल्यावर बदलणारे चेहरे ज्याने पाहिले आहेत त्याच्यासाठी ‘फ्रेम ड्रम ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही कोरडी ओळ एखाद्या सुटीसारखी असू शकते. दुसरीकडे हेही खरे की त्याच वृंदातल्या ढोलकीवाल्या मुलाला, ज्याच्या घरी ढोलकी कोणी वाजवलेली नाही आणि जो दोन वर्षांपूर्वी क्लासला जाऊन शिकला, त्याला अशी सुटी घ्यावी लागत नाही. त्या दोघांना मंचावर एकाच ‘लोक’ शब्दाखाली उभे केले की टाळ्या समान वाटल्या जातात. हलगीवाल्याच्या आजोबांना वाजवून झाल्यावर जे मिळत होते त्याचा मात्र कुठेही उल्लेख उरत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि मला त्यांची तडजोड सापडलेली नाही.

शेवटी आम्ही दोघांनी मिळून एक वाक्य घातले. वाजवणाऱ्याचे पहिले नाव, आणि तो हे वाद्य आजोबांकडून शिकला, एवढेच. ‘आजोबांकडून’ या शब्दात काय काय आहे हे ज्याला कळायचे त्याला कळेल. मजकूर त्रेसष्ट शब्दांचा झाला. आयोजकांनी तीन शब्द कापले, पण ते संबळाचे.

मुले गेली. तिसऱ्या दिवशी रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. तिथे पाऊस होता, थंडी होती आणि हवेतल्या ओलाव्याने कातडे सैल पडले होते. हलगी शेकल्याशिवाय बोलत नाही. गावात काडी-कचरा पेटवून शेकतात. सभागृहामागच्या अंगणात कागद पेटवायला गेले तर तिथला माणूस धावत आला. “मावशी, त्यांना इंग्रजीत सांगा की जाळ करायचाय, छोटासा. वाद्यासाठी हाय म्हणावं.” मी फोनवर त्या गृहस्थांना समजावले की या वाद्याचे कातडे तापवून ताणावे लागते, त्याशिवाय त्याचा आवाजच निघत नाही. त्यांना ते पटले, पण आगीला परवानगी नव्हती. थोड्या वेळाने त्यांनी कपडे बदलण्याच्या खोलीतून केस वाळवायचे यंत्र आणून दिले. ते कसे धरायचे, कातड्यापासून किती लांब धरायचे, हे तो पोरगा मला मराठीत सांगत होता आणि मी ते पलीकडच्या माणसाला इंग्रजीत सांगत होते. फोन तसाच चालू होता. दहा-बारा मिनिटांनी मागे हलगीवर एक काठी पडली, मग दुसरी, आणि त्याने फोन ठेवला.